धर्माजी बरा झाला

साथीत माणसांची जनावरं होऊन तीन वर्षं झाली होती. खोडदमध्ये एकटी उरलेली डॉक्टर हर्षाली पिंजऱ्यातल्या धर्माजीवर औषधं करून बघायची. एका सकाळी तो बोलला, "पाणी द्या, बाई."

माणसाचा आवाज ऐकून ती रडली.

धर्माजी बाहेरच्या उसाकडे बघत होता. "आमची बायकू साळू तिकडं हाय. तिलाबी टोचा."

"एवढंच औषध होतं, भाऊ."

"मग मला सोडा. जनावर व्हतो तवा ती माझ्याजवळ निजायची."

"आता ती फाडून खाईल तुम्हाला."

"खाऊ द्या."

हर्षालीनं कुलूप उघडलं नाही. पिंजऱ्याला टेकून ती खाली बसली.

"उद्या सोडते," ती म्हणाली. "आज थोडं बोला माझ्याशी."