छप्पन्न अंशांचा कोपरा

जहाज अजून कागदावरच होतं, पण त्याच्या इंजिनरूममध्ये वारा कसा खेळेल, हे तिने आठवडाभर खपून कॉम्प्युटरवर बघितलं होतं. तेल गाळायच्या यंत्रामागच्या कोपऱ्यात हवा पोचतच नव्हती. पडद्यावर तिथे छप्पन्न अंशांचा लालभडक डाग दिसत होता, आणि नेमकं तिथेच कामगाराला रोज चार तास उभं राहायचं होतं. तिचा दादा अशाच एका इंजिनरूममध्ये चक्कर येऊन पडला होता. अजून त्याला धड जिना चढवत नाही.

"सर, तिथे हवेचा एक जादा डक्ट द्यावा लागेल," ती म्हणाली.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "माणसाचं काय एवढं? उकडलं की येईल आपल्या पायांनी बाहेर. तू रंगांची पट्टी बदल, लाल रंग साठच्या पुढे सुरू कर. दिसलं नाही की कुणी विचारत नाही."

तिला शिसारी आली. चार शब्द सुनवावेत असं ओठांवर आलं होतं, पण त्याने डक्ट मिळाला नसता. जागेवर येऊन तिने आराखड्यातलं इंजिनाचं कंट्रोल पॅनेल उचलून त्या कोपऱ्यात नेलं, 'केबल कमी लागेल' असं कारण लिहिलं आणि चित्र पुन्हा साहेबांपुढे ठेवलं.



"अगं, एवढ्या उष्णतेत पॅनेल जळून जाईल की," म्हणत साहेब ताडकन उठले, आणि उभ्या उभ्या त्यांनी एक सोडून दोन डक्ट मंजूर केले.