दमल्याचा साक्षीदार

पहाटेपासून चार फेऱ्या उडवून कॅप्टन विमानतळावरच्या खोलीतल्या खुर्चीत दोन तास टेकले, तोच ड्यूट्या लावणारे साहेब पाचवी फेरी घेऊन दारात उभे. नव्या करारात साहेबांनी एक नामी कलम घुसवलं होतं: मागे कलणाऱ्या खुर्चीत वैमानिक दोन तास बसला, की झाली त्याची विश्रांती. खुर्चीला खेटून कॉफीचं मशीन दिवसभर घरघरत असे. पण साहेब त्या खुर्चीत कधी बसलेच नव्हते, तर त्यांना ते कुठून कळणार?

“डोळ्याला डोळा लागला नाही, साहेब. मी नाही नेणार विमान,” कॅप्टन म्हणाले.

“झोप लागलीच पाहिजे, असं करारात कुठंय?” साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. “नकार लेखी द्या. आणि खाली साक्षीदार लागतो. तुम्ही दमलात, हे पाहिलंय कुणी? बसून तर काम करता, त्यातही कुरकुर!”

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांची बायको मुलांना घेऊन याच विमानाने माहेरी निघाली होती. साहेब खिडकीकडे वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “अगं, हे विमान सोड, उद्याचं बघू. पायलटचे डोळे तारवटलेत, बसल्या जागी पेंगतोय तो.”

 

कॅप्टननी पेनाचं टोपण काढलं आणि साक्षीदाराच्या रकान्यात साहेबांचं नाव लिहिलं.