भिंतीशी उभ्या घोड्या

“अरे, घोड्या लाव आधी!” वरणभात कालवता कालवता केतकी पुन्हा ओरडली. जॅकने उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या भिंतीशी नव्याकोऱ्या उभ्या होत्या, आणि तिचा नवरा लाल स्पोर्ट्स कारखाली छातीपर्यंत शिरला होता.

“पाच मिनिटांचं काम गं. बसकी गाडी ही, घोडी लावायची तर आणखी उचलावी लागेल. उगीच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस.”

“टांगलाय कुणी? मी?”

तेवढ्यात तिच्या पायाशी खेळणारी छकुली ‘बाबा, बाबा’ करत रांगत थेट गाडीखाली निघाली. तो आतून किंचाळला, “उचल तिला! लक्ष कुठे असतं तुझं? गाडी नुसत्या जॅकवर आहे, कधीही खाली येईल!”

केतकीने झडप घालून लेकीला उचललं, खरकट्या हातानेच छातीशी घट्ट धरलं.

“म्हणजे ठाऊक होतं तुला. तिचा जीव तो जीव, आणि तिच्या बापाचा काय पालापाचोळा?”

तो सरपटत बाहेर आला. त्याने लेकीसाठी हात पसरले, तशी केतकीने तिच्यासकट पाठ फिरवली.