अर्धी भाकर

मल्लम्मानं तव्यावरची भाकरी उतरवली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि ताट लेकीपुढं सरकवलं.

“समदी खायची हां मंजू. आज काही ऐकून घेणार न्हाई मी.”

“खाती की अव्वा,” मंजुश्री म्हणाली, आणि इवलासा तुकडा मोडून चघळत बसली.

पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात ती चाकूरला माहेरी आली होती, आणि आज सकाळीच मायलेकी लातूरला दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. “बाळाची वाढ मागं पडलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काय काय खातेस गं तू?” त्यावर मंजुश्रीनं हसून सांगितलं, “मी लई कमी खाते मॅडम. सवयच हाय मला.” जणू शाळेत पहिला नंबर आला होता. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “ही सवय कुणी लावली?” मल्लम्मा भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडे बघत राहिली.

लावली होती तिनंच. तीन स्थळं आली, पोहे हादडले आणि “पोरगी अंगानं जरा जास्तच हाय” असा निरोप धाडून मोकळी झाली. चौथं उदगीरच्या दुकानदाराचं. त्यांनी होकार दिला खरा, पण होणारी सासू, शरणम्मा, जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, “लग्नापतुर तेवढं उतरवा म्हंजी झालं.” ट्रकातली पोतीच उतरवायची होती जशी! मल्लम्मानं पदर खोचला. सकाळी गरम पाणी, दुपारी अर्धी भाकरी, रात्री पुन्हा गरम पाणी. पोरीनं उरलेली अर्धी दुरडीत परत ठेवली की मल्लम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवायची. “शाबास! गुणाची गं माझी बाय!” मांडवात पाहुण्यांनी नवरीला ओळखलंच नाही, तेव्हा मल्लम्माला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आता मात्र जो तो शहाणा झाला होता. शरणम्मा रोज फोनवर बजावायची, दोन जीवांची हाय, दोघांचं खाऊ घाला, आमच्या घरचा दिवा हाय तिच्या पोटात. शेजारची केवळाबाई म्हणायची, लई खाल्लं की लेकरू मोठं होतं अन् पोट फाडावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोघांचं नको, पण भूक लागेल तेव्हा पोटभर खा. हे तर सगळ्यात अवघड होऊन बसलं, कारण भूक लागलेली मंजूला कळतच नव्हती.

“दाताखाली धरून बसू नको. गिळ.”

मंजूनं आमटीत तुकडा बुडवला, डोळे मिटले आणि गिळला. मग दुसरा. एक हात पोटावर ठेवून ती खात राहिली. कपाळावर घाम आला तरी थांबली नाही. निम्मी भाकरी संपली तसा मल्लम्माच्या जिवात जीव आला. तिनं घाईघाईनं दुसरी थापली आणि तव्यावर टाकली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल, जावई रुद्रेशचा.

“जेवायलेय,” मंजू म्हणाली.

“काय जेवायलीस? दाव बरं.”

तिनं ताट दाखवलं.

“लोणी? मजा हाय बाबा माहेरी!” जावई हसला. माणूस वाईट नव्हता. लेकराच्या नावानं परवाच फळांची पेटी पाठवली होती त्यानं. “उभी राहा जरा. मागं सरक.”

मंजूनं मोबाईल तांब्याला टेकवला, उठली, पदर सारखा केला आणि मागं सरकली.

“वळ.”

ती वळली.

“दंड भरायलेत की गं तुझे. हे बघ, पोट वाढू दे. तू वाढू नको. लग्नाआधीचे फोटो बघितलेत मी तुझे.”

तो हसला. मंजूही हसली. “न्हाई वाढत,” म्हणाली.

मल्लम्माला चुलीपुढं सगळं ऐकू आलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, मोबाईल ओढून घ्यावा आणि जावयाला चांगलं फैलावर घ्यावं, की माझी पोर काय बाजारातलं जनावर हाय का, वळवून बघायला! पण याहून वाईट तिनं स्वतः सुनावलं होतं या पोरीला, तेही उपाशीपोटी. जावई निदान हसून बोलत होता.

कॉल संपला. मंजू ताटावर बसली. भाकरीवरचं लोणी तिनं बोटानं निपटून वाटीत परत टाकलं. उरलेली अर्धी भाकरी दुरडीत ठेवली, वर फडकं नीट झाकलं. आणि मान वर करून आईकडे पाहिलं. त्या दिवसांत पाहायची, अगदी तशीच.

खा गं पोरी, लेकरासाठी तरी खा, असं म्हणायचं होतं मल्लम्माला.

“अव्वा, भाकर करपायली.”

मल्लम्मा जागची हलली नाही. तव्यातून धूर निघत होता.

मंजू अजून तिच्या तोंडाकडेच बघत होती.

“आन् आज शाबास न्हाई म्हनलीस?”