बादलीतला नमुना

यंत्राचा कन्व्हेअर तिसऱ्यांदा अडकला तेव्हा डिझायनर बाईंनी हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. काँक्रीटच्या गाड्या धुतल्यावर उरणाऱ्या गाळातून वाळू वेगळी काढणारं हे यंत्र त्यांनी खास या कारखान्यासाठी आखलं होतं. कारखान्याचे मालक नमुना म्हणून बादलीभर गाळ बाईंच्या कंपनीत पाठवायचे, त्यावर ते कसं निमूट चालायचं. इथे आणून बसवलं, की पाच मिनिटांत साखळी करकरायची आणि सगळं ठप्प! "या वेळी नाही चाललं तर यंत्राबरोबर तुम्हीही तिकडेच राहा," असं कंपनीतल्या साहेबांनी बाईंना निघताना सुनावलं होतं.

"ताई, तुमच्या यंत्राला आमचा गाळ काही झेपत नाही बघा," मालक म्हणाले.

बाईंनी यंत्र बंद केलं आणि बाह्या सरसावून साखळीखाली हात घातला. मुठीएवढे काँक्रीटचे गोळे निघाले, तारेचे तुकडे निघाले, एक अख्खा हातमोजा निघाला.

"हे काय? नमुन्यात यातलं काहीच नव्हतं!"

"कसं असेल?" मालक दुखावल्यासारखे म्हणाले. "तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांकडे असली घाण पाठवायची का? मी स्वतः बसून, वेचून, गाळून पाठवतो."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हात चिखलाने बरबटलाय, हे नंतर लक्षात आलं.

मालकांना वाईट वाटलं. लगबगीने जाऊन त्यांनी झाकण लावलेली एक बादली आणून पुढे ठेवली.

"रागावू नका, ताई. नवा नमुना तयार आहे. या वेळी तर दोनदा गाळलाय."