पैगंबरासाठी उघडं दार

कळस गावातलं एकुलतं यहुदी घर राहेलबाईंचं. वल्हांडणाच्या सणाला संध्याकाळी त्या एलियाहू पैगंबरासाठी मनुकांच्या सरबताचा पेला भरत आणि दार सताड उघडं ठेवत. शेजारचे महिपतीतात्या, कुत्री शिरतील म्हणून, दरसाल ते ओढून घेत.

यंदा मात्र बाई चिडल्याच. "अहो तात्या, तो आला की मागोमाग मशीहा येणार, मेलेले उठणार, हे जग सरून नवं सुरू होणार. आणि तुम्ही त्याचीच वाट अडवताय!"

तात्या ओशाळले. "मला ठावं न्हवतं, बाई." त्यांनी स्वतः दार उघडून दिलं.

बाई वळतात तोच दार पुन्हा लागलं. या खेपेला बाहेरून कडीसुद्धा.

"तात्या!"

"बाई, माझा ऊस अजून रानात उभा हाय. कारखान्याची तोड येऊ द्या, मग मीच त्याला भिगवणच्या ठेसनावरनं घिऊन येतो."