निळ्या दिव्याखालचा हात

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या इस्पितळात नर्सना हात धुण्याचं शिक्षण चाललं होतं. हाताला मलम चोळायचं, मग हात धुऊन निळ्या दिव्याखाली धरायचे. जिथे नीट धुतलं गेलं नसेल, तेवढी जागा चमकते.

ल्युडिविना नवजात बाळांच्या कक्षातली जुनी नर्स. तिने धुतलेला हात दिव्याखाली धरला, तर मनगटाभोवती इवल्याशा बोटांची पकड चमकत उमटली.

"ताई, आज कुठलं बाळ घेतलंत?" धाकट्या रोवेनाने हसत विचारलं.

"एकही नाही गं. घरून थेट इथेच आलेय."

कातडी लाल होईपर्यंत घासून ल्युडिविनाने हात पुन्हा दिव्याखाली धरला. बोटं तशीच होती. तिने हात मागे ओढून पाहिला, पण तो हलेना.

रोवेनाने घाईने दिवा बंद केला. बोटं दिसेनाशी झाली. पकड मात्र आवळत गेली.